वलंदेजांची दुसरी भाषा

जुन्या मराठी कागदपत्रांत ज्यांचा उल्लेख 'वलंदेज' असा येतो, ते डच लोक महाराष्ट्राच्या इतिहासाला अपरिचित नाहीत. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती. हे सारे लोक मायदेशी एकच भाषा बोलत असतील असा समज सहज होतो. परंतु नेदर्लंड्सच्या भूमीवर डच भाषा एकटी अशी कधीच नव्हती. पूर्वेकडील ग्रोनिंगेन, ड्रेंटे आणि ओव्हरआयसल या प्रांतांत लो सॅक्सन बोली नांदतात. एके काळी त्यांचे नाते बाल्टिक समुद्रापर्यंत पसरलेल्या हान्झा व्यापारसंघाच्या भाषेशी होते. दक्षिणेस लिंबर्गची बोली आहे. तिच्यातील काही शब्दांत एकवचन आणि अनेकवचन यांतील भेद केवळ सुराच्या चढउताराने होतो. आणि उत्तर समुद्रकाठी फ्रीसलँड प्रांतात फ्रिजियन आहे. तिला बोली म्हणणे चुकीचे ठरेल. ती स्वतंत्र भाषा आहे आणि तिचे जवळचे आप्त डचपेक्षा इंग्रजीत अधिक सापडतात. चीजला डच माणूस 'कास' म्हणतो, फ्रिजियन माणूस 'त्सीस'.

या भाषेचे भाग्य फिरले ते राजकारणाने. मध्ययुगात फ्रिजियनांवर कोणा सरंजामदाराची सत्ता नव्हती. आपले स्वातंत्र्य साक्षात शार्लमेन बादशहाने दिले, अशी त्यांची दंतकथा होती. कथा खरी नसली तरी त्या समाजाने आपले कायदे आपल्याच भाषेत लिहून ठेवले, ही गोष्ट खरी; जुन्या फ्रिजियनचा फार मोठा ठेवा या कायद्यांच्या हस्तलिखितांतच आहे. म्हणजे ही भाषा प्रथम लेखणीवर चढली ती न्यायासाठी. 1498 मध्ये सॅक्सनीचा ड्यूक अल्बर्ट या प्रदेशाचा शासक झाला आणि ते स्वातंत्र्य संपले. त्यानंतर कारभाराची भाषा डच झाली. लेवार्डनसारख्या शहरांतून डच आणि फ्रिजियन यांची एक संमिश्र नागर बोली रूढ झाली. 1637 मध्ये डच बायबलचे अधिकृत भाषांतर प्रसिद्ध झाले आणि प्रार्थनामंदिरातही डचचाच स्वर घुमू लागला. कचेरी गेली, देऊळ गेले. फ्रिजियनला उरले ते घर, गोठा आणि शेत.

अशा उतरत्या काळात बोल्सवर्ड गावच्या एका शाळामास्तराने तिला आधार दिला. खिसबर्ट यापिक्स हे त्याचे नाव. 1603 ते 1666 हा त्याचा जीवनकाल. विद्वानांची भाषा लॅटिन आणि प्रतिष्ठितांची डच, अशा त्या युगात त्याने फ्रिजियनमध्ये काव्यरचना केली. त्याचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर 1668 मध्ये निघाला. पुढे एकोणिसाव्या शतकात ग्राउ गावच्या हाल्बर्ट्समा बंधूंनी, ज्यांपैकी एक धर्मोपदेशक तर एक वैद्य होता, लोकांना आवडतील अशा कविता आणि कथा लिहून ही भाषा पुन्हा घरोघरी वाचली जाईल असे केले. 1938 मध्ये फ्रिजियन अकादमी स्थापन झाली आणि 1943 मध्ये, देश जर्मन फौजांच्या टाचेखाली असताना, संपूर्ण बायबल फ्रिजियनमध्ये प्रसिद्ध झाले. अशा रीतीने देवळाचे दार उघडले. न्यायालयाचे मात्र अद्याप बंदच होते.

ते उघडले एका क्षुल्लक दिसणाऱ्या वादातून. 1951 च्या शरदात हेरेनवेन येथील न्यायाधीशापुढे एका पशुवैद्याने फ्रिजियनमध्ये बोलण्याचा आग्रह धरला; न्यायाधीशाने ती भाषा ऐकून घेण्याचे नाकारले. त्याच सुमारास दूधविक्रेत्यांवरही खटला झाला. ताकाला डच भाषेत 'कार्नेमेल्क' म्हणतात; त्यांनी मात्र त्यावर 'सूपे' हा फ्रिजियन शब्द लिहिला, हा त्यांचा अपराध. ज्या भाषेने कायदे लिहिले, त्याच भाषेत ताकाचे नाव लिहिणे बेकायदा ठरावे, ही इतिहासाची विटंबनाच होती. कवी आणि पत्रकार फेडे स्कुरर यांनी आपल्या वृत्तपत्रात त्या न्यायाधीशावर तिखट लेख लिहिला. सॅक्सन राजवटीच्या काळात फ्रीसलँड लुटणाऱ्या भाडोत्री 'काळ्या टोळी'चा तो शेवटचा शिलेदार आहे, असे त्यांनी म्हटले. साडेचारशे वर्षांपूर्वीची जखम किती ओली होती, हे या एका उपमेवरून कळते.

न्यायाधीशाच्या बेअदबीबद्दल स्कुरर यांच्यावर खटला भरण्यात आला. 16 नोव्हेंबर 1951, शुक्रवार, या दिवशी लेवार्डनच्या न्यायालयाबाहेर लोक जमले. पोलिसांनी त्यांच्यावर दंडुके चालविले आणि पाण्याचे फवारे सोडले. तो दिवस फ्रिजियन लोकांच्या स्मरणात 'क्नेप्पेलफ्रेड', म्हणजे दंडुक्यांचा शुक्रवार, या नावाने राहिला. भाषेचा प्रश्न मूठभर साहित्यिकांचा आहे, असे तोपर्यंत हेगच्या सरकारला वाटत असले तरी त्यानंतर तसे म्हणणे शक्य राहिले नाही. 1955 मध्ये शाळांतून फ्रिजियनला जागा मिळाली आणि 1956 च्या कायद्याने न्यायालयात ती बोलण्याची मुभा दिली. 1980 पासून फ्रीसलँडच्या प्राथमिक शाळांत ती आवश्यक विषय झाली, आणि 2014 च्या कायद्याने प्रांतात डचबरोबर तिचेही अधिकृत स्थान दृढ झाले.

लो सॅक्सन आणि लिंबर्गी यांना एवढे लाभले नाही. प्रादेशिक भाषांविषयीच्या युरोपीय सनदेखाली नेदर्लंड्सने त्यांना मान्यता दिली, पण फ्रिजियनला दिली त्याहून खालच्या पायरीची. त्यांच्या पाठीशी कायद्यांचे जुने ग्रंथ नव्हते, क्नेप्पेलफ्रेडही नव्हता. त्यांची मदार बोलणाऱ्यांच्या जिव्हाळ्यावरच आहे.

फ्रिजियनचीही अखेर तीच मदार आहे. सुमारे साडेसहा लाख वस्तीच्या त्या प्रांतात आज एखादा साक्षीदार न्यायाधीशापुढे आपल्या आईच्या भाषेत उभा राहू शकतो. दंडुक्यांनी मिळवून दिलेला हा हक्क कायद्याने सांभाळला जाईल. पण चुलीपाशी मुलाशी कोणत्या भाषेत बोलायचे, याचा निवाडा कोणतेही न्यायालय करीत नाही. तो त्या त्या घरातच होत असतो, आणि तीन शतके कचेरीविना, देवळाविना ही भाषा टिकली ती घराघरांतील त्याच निवाड्यामुळे.