पवनीचा नाग आणि हातातला मोबाइल

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीचे उत्खनन १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून केले. त्याचा अहवाल शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी लिहिला, तो १९७२ साली निघाला. वैनगंगेकाठच्या या टेकडीत सापडलेल्या बौद्ध स्तूपाची महती अभ्यासकांना तेव्हापासून ठाऊक आहे. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर विचारून पाहा, सांगणारा क्वचितच भेटेल. संग्रहालयांनी सोशल मीडिया कसा वापरावा, हा आपला विषय सुरू होतो तो इथून.

पवनीच्या एका खांबावर मुचलिंद, म्हणजे बुद्धावर फणा धरणारा नाग, कोरलेला आहे. वर उभारलेला फणा, खाली आसन, आणि आसन रिकामे. त्या काळी बुद्धाला मनुष्यरूपात दाखवत नसत. नागाचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले. दोनेक हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटाला कळत होते की बघणाऱ्याला एक ओळ लागते, आणि एकच पुरते. आज संग्रहालये फोटोखाली ‘वालुकाश्म, उंची अमुक, नोंद क्रमांक तमुक’ लिहून मोकळी होतात. आसन रिकामे का, याबद्दल चकार शब्द नाही!

हा खांब दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा. २०२३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या प्रदर्शनातही मांडला होता. पवनीच्या शाळकरी पोराने तो पाहायचा कुठे? मोबाइलवरच. म्हणून सोशल मीडियाला मी संग्रहालयाची जाहिरात समजत नाही. वस्तू गावातून गेली, तिची ओळख तरी गावी परत यावी, यासाठीची ती वाट आहे.

वाट दुहेरी हवी. इंग्लंडमधल्या रीडिंगच्या ग्रामीण जीवन संग्रहालयाने २०१८ मध्ये एका गलेलठ्ठ मेंढ्याचा जुना फोटो थट्टेच्या एका ओळीसह ट्विटरवर टाकला आणि तो जगभर फिरला. आपल्याकडचे लोक त्यातली थट्टा तेवढी उचलतात. त्या संग्रहालयाने पुढे आलेल्या माणसांशी गप्पा चालू ठेवल्या, हे मोलाचे. पवनीच्या स्तूपाच्या कठड्यावरही दान देणाऱ्या सामान्य माणसांची नावे कोरलेली आहेत. ज्याने हातभार लावला त्याचे नाव दिसावे, ही रीत जुनीच आहे. कॉमेंटमध्ये कुणी आजीने सांगितलेली टेकडीची गोष्ट लिहिली, तर ती आजीच्या परवानगीने, नावानिशी संग्रहालयाच्या नोंदीत जावी. ती इथल्या झाडीबोलीत असेल तर झाडीबोलीतच राहू द्यावी. ‘डोरा’ला ‘डोळा’ करणारा संपादक इथे नको.

वेळही साधावी लागते. मुचलिंदाची पोस्ट नागपंचमीला किंवा बुद्धपौर्णिमेला टाकली तर लोक आपणहून थांबतील. ती गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचावी, इन्स्टाग्राम नंतर. फॉलोअर मोजण्याचे वेड मला तरी निरर्थक वाटते. एक सावधगिरी मात्र अटळ आहे: शेताच्या बांधावर उघड्या पडलेल्या मूर्तीचे नेमके ठिकाण कधीही टाकू नये. चोरही पोस्टी वाचतात.

या कामात येऊ पाहणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, अकाउंट उघडण्याआधी एकदा पवनीला या, टेकडीवर चढा, आणि खाली राहणाऱ्यांशी तासभर बोला. पहिली पोस्ट त्यातूनच लिहा.