मंडळी उभी राहते ती कशावर?



‘मंडळी’ हा शब्द आपल्या तोंडी रोजचा. घरची मंडळी, भजनी मंडळी, नाटक मंडळी. आपल्याकडच्या ख्रिस्ती समाजानेही हाच शब्द उचलला, आणि चांगला उचलला. प्रार्थनेला जमतात ती इमारत म्हणजे चर्च, आणि तिच्यात जमणारी माणसे म्हणजे मंडळी. इमारत गवंडी बांधतो. मंडळी कोण बांधतो आणि ती कशावर टिकते, हा प्रश्न मात्र सोपा नाही. आज तोच आपण घेणार आहोत. मी काही उपदेशक नव्हे. इतिहासाच्या वाटेने जाऊन, कोठे काय टिकले आणि कोठे काय विरून गेले, एवढेच पाहायचे आहे. आणि त्यासाठी दूर जायला नको, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच सुरुवात करता येते.

सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथे बाणकोट आहे. 1756 पासून तो किल्ला इंग्रजांच्या हाती होता आणि त्याला ते फोर्ट व्हिक्टोरिया म्हणत. 1823 साली स्कॉटलंडहून डोनाल्ड मिचेल नावाचे मिशनरी मुंबईस आले. त्यांना आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांना खरे म्हणजे पुण्यास जायचे होते. पण पेशवाई बुडून पाचच वर्षे झालेली. पुण्यासारख्या ठिकाणी धर्मप्रचारकांना पाठवणे सरकारला धोक्याचे वाटले, तेव्हा त्यांची रवानगी कोकणपट्टीत झाली. डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. मागून जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर, स्टीव्हन्सन हे आले आणि 1827 मध्ये रॉबर्ट नेस्बिट आले. बाणकोट आणि सुवर्णदुर्गासमोरचे हर्णै ही त्यांची ठाणी.

माणसे कष्टाळू होती यात शंका नाही. नेस्बिटसाहेब पडद्याआडून बोलले तर बोलणारा परदेशी आहे हे ओळखू येत नसे, अशी त्यांच्या मराठीची ख्याती होती. स्टीव्हन्सन यांनी पुढे मराठीचे व्याकरण लिहिले. 1829 साली जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मराठीचे पहिले धडे घेतले ते याच किनाऱ्यावर, आणि मग ते मुंबईस गेले. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे विल्सन. या मंडळींनी गावोगाव मराठी शाळा काढल्या. पंतोजी बहुतेक आपलेच, पगार मिशनचा. मुले आली, अक्षरे शिकली, हिशोब शिकली. आणि मंडळी? ती उभी राहिली नाही. बाप्तिस्मा घेणारे मोजकेच निघाले. 1830 नंतर मिशनरी एकेक करून पुण्या-मुंबईकडे वळले आणि कोकणातले ते काम आटोपले.

असे का व्हावे? शिक्षकबंधूंना हा प्रश्न विशेष विचारावासा वाटतो, कारण शाळा तर चालल्या होत्या. माझे उत्तर असे की, शाळा पगारावर चालते, मंडळी पगारावर चालत नाही. पंतोजीला पोथी शिकवायचे पैसे मिळत. त्या पोथीवर त्याचा स्वतःचा विश्वास असायलाच हवा, अशी अट नव्हती. पगार थांबला, शाळा थांबली. ज्याला ‘हे माझे’ असे म्हणता येईल असा माणूस मागे उरला नाही.

आता याच्या उलट उदाहरण बघू. त्यासाठी दोनशे वर्षे मागे आणि दक्षिणेला गोव्यात जावे लागते.

गोव्यातल्या साष्टी प्रांतात फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट होते. ते 1579 साली गोव्यास आले आणि 1619 मध्ये वारेपर्यंत तिथेच राहिले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची त्यांच्याकडे एक तक्रार होती, आणि तिचे वर्णन त्यांनी आपल्या ग्रंथातच केले आहे. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला आम्हाला काय देता? किती साधा आणि किती खरा प्रश्न! फादर स्टीफन्स यांनी उत्तर दिले ते मराठी ओवीत. ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमी लिपीत छापले, पण ओवी अस्सल मराठी, ज्ञानदेव-एकनाथांच्या वळणाची. सुमारे अकरा हजार ओव्या. जुन्या करारासाठी पहिले पुराण, नव्या करारासाठी दुसरे.

पुढे 1684 साली पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी हुकूम काढला की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावी. हुकूम कागदावर राहिला आणि भाषा लोकांच्या घरात राहिली. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे पुराण बरोबर नेले. टिपू सुलतानाने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना 1784 पासून 1799 पर्यंत श्रीरंगपट्टणास कैदेत ठेवले. तेव्हा पाद्री नाही, देऊळ नाही अशा स्थितीत पुराणाच्या ओव्यांनी त्यांना आधार दिला, असे सांगतात. 1907 मध्ये या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली तीही मंगळुरातच. बाणकोटात शाळा होत्या, पगार होते, माणसे मात्र जमली नाहीत. श्रीरंगपट्टणात काहीच नव्हते, पण पाठ असलेल्या ओव्या होत्या.

असो. आता घाट चढून अहमदनगरला येऊ, कारण मराठी मंडळीचा पुढचा इतिहास बराचसा तिथे घडला.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईस उतरले आणि 1831 मध्ये नगरला ठाणे झाले. सुरुवातीस तिथेही साहेब सांगणार आणि बाकीचे ऐकणार, असाच प्रकार होता. बोस्टनला या मिशनच्या मुख्य कचेरीत रूफस अँडरसन नावाचे चिटणीस होते. त्यांचे मत असे की, मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण उचलावा आणि आपला संदेश आपणच पुढे न्यावा. या तीन गोष्टी झाल्या की मिशनऱ्याने तिथून निघून जावे. लंडनचे हेन्री व्हेन हेही त्याच सुमारास तेच म्हणत होते. 1854-55 मध्ये अँडरसन स्वतः हिंदुस्थानात आले. त्याच सुमारास, 1854 साली, नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा देण्यात आली. पाळक आपल्यातला झाला. घरी कोण आजारी आहे, कोणाच्या विहिरीला पाणी नाही, कोणाचा मुलगा वाया चालला आहे, हे त्याला विचारावे लागत नसे. तो तिथलाच होता.

अँडरसनसाहेबांचे सगळेच मला पटते असे नाही. स्वावलंबनाच्या नादात त्यांनी इंग्रजी शाळांवरचा खर्च आवरता घ्यायला लावला. खेड्यातल्या मंडळीला इंग्रजी कशाला, असा त्यांचा हिशोब होता. पण खेड्यातल्या हुशार मुलाला वर चढायला तीच शिडी होती. मंडळी स्वतंत्र व्हावी आणि तिच्या मुलांनी मात्र खालीच राहावे, हे गणित जमत नाही.

खर्चाच्या बाबतीत तर गरिबीचा प्रश्न होता. नगर जिल्ह्यातल्या मंडळीत बहुतेक लोक गावकुसाबाहेरचे, महार आणि मांग समाजांतले. त्यांनी पाळकाचा पगार कोठून द्यावा? पैशाने जमले नाही ते धान्याने, हे आपल्या खेड्यांना नवीन नाही. कापणीच्या उपासनेला धान्याची ओंजळ, कोंबडी, भोपळा, अंडी असे काय असेल ते आणायचे आणि त्याचा लिलाव करायचा, ही चाल आपल्याकडच्या पुष्कळ मंडळ्यांत रूढ झाली. एका अंड्यावर बोली चढत जाते आणि सगळे हसतात. ते पाहिले की कळते, इथे वर्गणी वसूल होत नाही, इथे सण चालला आहे.

त्याहून कठीण कसोटी जातीची. उपदेश ऐकायला एका छपराखाली बसणे वेगळे, आणि प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीतला तुकडा घेणे वेगळे. ब्राह्मण घरातले हरिपंत आणि गावकुसाबाहेरचे कुटुंब यांना एका पंगतीला बसवणे, हे त्या काळी लहान काम नव्हते. ते सगळीकडे साधले असे मी म्हणणार नाही. बाप्तिस्म्याने जात पुसली जाते हे मान्य, पण लग्न जमवायची वेळ आली की ती पुष्कळांना पुन्हा आठवे. ही जुनी दुखणी लपवून इतिहास सांगण्यात अर्थ नाही.

आता आपल्या जिल्ह्याच्या सुपुत्राकडे वळतो. नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. मिशनऱ्यांनी बाणकोट सोडून एव्हाना पंचवीस-तीस वर्षे उलटली होती. टिळक नाशिकला शिकले, कवी म्हणून नावाजले, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनी गोऱ्या पाद्र्याकडून घेतला नाही, तुकाराम नथोजी या हिंदी पाळकाकडून घेतला. या एका गोष्टीत पुढचे सगळे टिळक दिसतात.

नगरला आल्यावर त्यांनी पाहिले की मंडळी गाते आहे, पण चाली परक्या आहेत. कित्येक गीतांचे शब्द मराठी आणि ठेका विलायती. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन आधीच सुरू केले होते, ती वाट टिळकांनी रुंद केली. टाळ, मृदंग, अभंग, कीर्तन. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते उघड सांगत. ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात त्यांच्या रचनांचा फार मोठा वाटा आहे. ज्या बाईला अक्षर येत नव्हते तिलाही ती गीते पाठ होऊ शकत. शाळेत न गेलेल्या माणसाच्या ओठांवर जे बसते ते त्याच्या अडचणीच्या वेळी त्याला सापडते. फादर स्टीफन्स यांना हे कळले होते आणि टिळकांनाही कळले.

पण टिळक एवढ्यावर थांबणारे नव्हते. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्यास गेले, आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही होती. पुष्कळांना हे रुचले नाही. दार इतके उघडे ठेवले तर घर कोणते आणि ओटा कोणता, असा त्यांचा आक्षेप, आणि तो अगदी गैर म्हणता येत नाही. 9 मे 1919 रोजी टिळक वारले आणि दरबार फार दिवस चालला नाही. एकाच्या तेजावर उभी राहिलेली गोष्ट त्याच्याबरोबर मावळते, हेही मंडळीच्या इतिहासात वारंवार दिसते. गाणी मात्र मावळली नाहीत.

पंडिता रमाबाईंचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1896 पासूनच्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुली आणि बायका केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. त्यांना खाऊ घातले, विणकाम, छपाई, शेती शिकवली. 1905 साली तिथे प्रार्थनेची मोठी लाट उठली आणि तिची चर्चा विलायतेपर्यंत झाली. लोक त्या लाटेबद्दल बोलतात. मला तिच्याआधीची नऊ वर्षे महत्त्वाची वाटतात. जिथे रोज पहाटे दळण, स्वयंपाक आणि आजाऱ्यांची शुश्रूषा चालत होती, तिथेच ती प्रार्थना उगवली. रमाबाईंनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणले, साध्या बायकांना समजावे म्हणून. त्या 1922 मध्ये वारल्या आणि ते 1924 साली पुरे छापून बाहेर पडले.

रत्नागिरी शहरात 1873 मध्ये अमेरिकन प्रेस्बिटेरियन लोकांनी पुन्हा ठाणे केले. कोल्हापूरला 1852 साली सुरू झालेल्या कामाची ती शाखा होती. पुढे वेंगुर्ल्यास दवाखाना झाला, मिरजेस डॉक्टर वॉनलेस यांचे मोठे रुग्णालय झाले. तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

शेवटी लक्ष्मीबाई टिळकांविषयी थोडे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा या बाई त्याच्यापासून चार-साडेचार वर्षे दूर राहिल्या. मग एकत्र आल्या, तरी आपले सोवळे वेगळे, पाणी वेगळे. कोणी बळजोरी केली नाही. स्वतःशीच विचार करून त्यांनी एके दिवशी ते सोडले आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले होते, पण दहाएक अध्यायांपुढे ते गेले नाही. लक्ष्मीबाईंचे शाळेतले शिक्षण जवळजवळ नव्हतेच, जोडाक्षर लिहिताना त्या अडत. टिळक गेल्यावर त्यांनी उरलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले. एकीकडे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणे चालू, दुसरीकडे हे. 1936 साली त्या वारल्या तोपर्यंत त्यांनी साठाहून अधिक अध्याय रचले होते.