पाठभेदांचा तक्ता

शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. अपपाठ निघाले आणि ग्रंथ निर्दोष झाला. मात्र नेमकं काय निघालं, याची यादी आपल्या हाती नाही. नाकारलेल्या पाठाला तेव्हा जागाच नव्हती.

ती जागा पुढे पुण्यात आखली गेली. 1 एप्रिल 1919 रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात रा. गो. भांडारकरांच्या हस्ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ झाला. 1925 पासून वि. सी. सुकथनकर प्रमुख संपादक होते. त्यांच्या कामाचा कणा म्हणजे एक साधा कागद. फुलस्केपवर उभ्या-आडव्या रेघा मारायच्या आणि वरच्या ओळीत प्रचलित पाठाचा श्लोक सुटासुटा लिहायचा. मग शास्त्र्यांनी एकेक पोथी लावायची आणि जिथे अक्षर बदलेल तिथे नेमकं त्याच्याखाली भेद नोंदवायचा. उजवीकडे शेऱ्यांसाठी चार इंचांचा रकाना असे. पोथीत जादा मजकूर लांबलचक निघाला, तर वेगळं शोधपत्र जोडलं जाई. शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतल्या पोथ्या या चौकोनांत उतरल्या. काही काम शांतिनिकेतन आणि तंजावरलाही चाललं.

1966 साली आवृत्ती पुरी झाली. भेद पानाच्या तळाशी, जादा ओळी तारांकित, मोठे प्रसंग परिशिष्टात. गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची कथाही परिशिष्टात गेली. संहितेतून ती बाहेर पडली, पण तिचा पत्ता राहिला.

इकडे यंत्राची वाट वेगळ्याच दिशेने येत होती. इटलीतले जेझुइट पाद्री रोबेर्तो बुसा 1949 साली आयबीएमच्या थॉमस वॉटसनना भेटले आणि थॉमस अक्वायनसच्या लॅटिन ग्रंथांची शब्दसूची छिद्रकार्डांवर करायला लागले. तिचे 56 खंड निघाले. पण ही शब्द शोधण्याची सोय होती, पोथ्या ताडून पाहण्याची नव्हे. ताडण्याचं काम पुढे पीटर रॉबिन्सन यांनी ‘कोलेट’ या प्रणालीवर सोपवलं. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका प्रस्तावनेच्या 58 प्रती घेऊन, जीवशास्त्रज्ञ प्राण्यांची वंशावळ मांडतात त्याच रीतीने प्रतींची वंशावळ काढली गेली आणि 1998 साली ती ‘नेचर’मध्ये छापून आली.

अशा प्रणालीच्या पोटात डोकावलं, तर आत जुना तक्ताच दिसतो: आडवी संहिता, उभ्या प्रती, जुळणारे शब्द एकाखाली एक. फरक एवढाच, की शास्त्री ‘धर्म’ आणि ‘धर्म्म’ यांत थांबत नसत. लेखनाची ती सवय आहे, हे त्यांना ठाऊक होतं. संगणक दोन्ही वेगळे धरतो. कोणता फरक सोडायचा, हे त्याला आधी नियम लिहून सांगावं लागतं. जे जाणकाराच्या डोक्यात होतं, ते त्यामुळे कागदावर आलं आणि त्यावर कुणालाही वाद घालता येऊ लागला. 1987 साली सुरू झालेल्या ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ने या नोंदींना सर्वमान्य खुणा दिल्या: एक स्वीकारलेल्या पाठाला, एक भेदाला, आणि भेदाशेजारी पोथीचं संक्षिप्त नाव.

महाभारताच्या वाट्याला मात्र निम्मंच आलं. क्योटोचे मुनेओ तोकुनागा यांनी पुण्याच्या आवृत्तीची संहिता टंकित केली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली. उपकार मोठेच, पण पानाच्या तळाशी दाटीवाटीने छापलेले पाठभेद त्या संहितेत उतरले नाहीत.

याचा परिणाम रोजच्या वादांत दिसतो. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा चिकित्सक संहितेत नाही. कुणी ती संहिता शोधून ‘महाभारतात हे नाहीच’ म्हणून मोकळा होतो. खरं उत्तर असं, की तो अनेक पोथ्यांत आहे आणि संपादकाने तो कारणं पाहून बाहेर ठेवला. कोणत्या पोथीत काय आहे, हे शोधाच्या त्याच खिडकीत दिसलं, तर वाद निदान मुद्द्यावर येईल. त्यासाठी नवं यंत्र नको; पुण्यात छापून पडलेल्या तळटीपा टंकित करायला माणसं आणि पैसा हवा.