सर्व्हर शांत, मग हार्ड डिस्क 'टक् टक्' का करतेय? समजून घ्या हेड पार्किंगचं गणित

समजा, छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात तुमचा फोटो स्टुडिओ आहे. अख्ख्या लगीनसराईचे फोटो आणि व्हिडिओ चार हार्ड डिस्कच्या एका स्टोरेज सर्व्हरवर ठेवलेत. रात्री शटर खाली ओढलं, आता कुणीही फाइल उघडत नाही. तरीही सर्व्हरमधून थोड्या थोड्या वेळाने 'टक्' असा आवाज येतो.

बऱ्याचदा हा आवाज असतो हेड पार्किंगचा.

हेड पार्किंग म्हणजे काय?

हार्ड डिस्कच्या आत तबकड्या फिरत असतात, मिनिटाला साधारण ५४०० किंवा ७२०० वेळा. डेटा वाचणारं-लिहिणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. काम नसेल तर ते बाजूच्या उतरणीवर, म्हणजे रॅम्पवर जाऊन बसतं. यालाच पार्किंग म्हणतात. धक्का बसला तर हेड तबकडीवर आपटत नाही आणि थोडी वीजही वाचते. म्हणजे पार्किंग ही चांगलीच गोष्ट आहे.

मग अडचण कुठे येते?

अडचण येते ती वारंवार होणाऱ्या पार्किंगमुळे. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या 'ग्रीन' डिस्कमध्ये 'इंटेलिपार्क' नावाची सोय होती. ८ सेकंद काम नसलं की हेड पार्क. घरच्या कॉम्प्युटरला हे चालून जातं. सर्व्हर मात्र कुणी वापरत नसतानाही स्वतःच्या नोंदी लिहीत असतो. लिनक्स साधारणपणे असा डेटा ३० सेकंदांपर्यंत मेमरीत ठेवून मग डिस्कवर उतरवतं. म्हणजे हेड जाऊन बसतं न बसतं, तोच पुन्हा बोलावणं!

आता गणित करा. दर ३० सेकंदांना एक फेरी धरली, तर दिवसाला २,८८० फेऱ्या. या डिस्कची क्षमता ३ लाख फेऱ्यांची सांगितलेली होती. म्हणजे साधारण १०४ दिवसांत मर्यादा पार. आजच्या अनेक नॅस डिस्कसाठी हा आकडा ६ लाख असतो, पण याच वेगाने तोही सात महिन्यांत संपेल.

आकडा ओलांडला म्हणून डिस्क त्याच दिवशी बंद पडत नाही. पण झीज वाढते. आणि खरा धोका पुढे आहे: चारही डिस्क एकाच दिवशी घेतल्या असतील, तर त्या झिजतातही एकत्रच. 'एक गेली तर बाकीच्या सांभाळतील' हा रेडचा भरवसा तिथेच कमी होतो.

आपल्या डिस्कचं कसं तपासायचं?

प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. त्यातला १९३ क्रमांक पाहा, नाव 'लोड सायकल काउंट'. लिनक्सवर 'स्मार्टसीटीएल' आणि विंडोजवर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा आकडा दाखवतं. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तो आधी हेक्साडेसिमलमध्ये दिसतो, सेटिंगमधून दशमान करून घ्या. आज आकडा लिहून ठेवा, उद्या याच वेळेला पुन्हा पाहा. फरक दहा-वीस असेल तर निर्धास्त राहा. हजारांत असेल तर पुढचं वाचा.

उपाय काय?

१. जुन्या ग्रीन डिस्कचा टायमर लिनक्सवरच्या 'आयडल३-टूल्स'ने वाढवता किंवा बंद करता येतो. त्यानंतर नुसतं रीस्टार्ट पुरत नाही, डिस्कची वीज पूर्ण बंद करून चालू करावी लागते.

२. ज्या डिस्कमध्ये एपीएम ही वीजबचत आहे, तिथे 'एचडीपार्म'ने पातळी २५४ ठेवा. २५५ ठेवली तर एपीएम पूर्ण बंद होतं. अनेक डिस्क वीज गेली की हे विसरतात, म्हणून ही कमांड सर्व्हर सुरू होताना आपोआप चालेल असं करा.

३. सीगेटच्या डिस्कसाठी कंपनीचंच 'ओपनसीचेस्ट' हे मोफत साधन आहे.

४. सिस्टिमच्या नोंदी वेगळ्या एसएसडीवर वळवा. मोठ्या डिस्कला उगाच कुणी उठवणार नाही.

हे बदल करण्याआधी बॅकअप घ्या आणि एका वेळी एकाच डिस्कला हात लावा.

टायमर बंद केला आणि लाइट गेली तर?

घाबरू नका. अचानक वीज गेली तरी फिरत्या तबकड्यांच्या उरलेल्या ऊर्जेवर डिस्क हेड रॅम्पवर आणून ठेवते. मात्र अशा घाईच्या पार्किंगने जास्त झीज होते. त्याची नोंद बहुतेक डिस्कमध्ये १९२ क्रमांकावर असते. तो आकडा वाढत असेल तर टायमरआधी यूपीएस पाहा.

आणि एक गोष्ट विसरू नका: रेड म्हणजे बॅकअप नव्हे. लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. त्यांची एक प्रत सर्व्हरबाहेर, शक्यतो दुसऱ्या जागी ठेवा.