वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज

वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज ही सागरी सजीवांच्या शास्त्रीय नावांची जागतिक नोंदवही आहे. तिची स्थापना इ.स. २००८ मध्ये झाली. बेल्जियममधील ऑस्टेंड येथील फ्लँडर्स सागरी संस्था तिची व्यवस्था पाहते. नोंदींची शहानिशा मात्र निरनिराळ्या देशांतील वर्गीकरणतज्ज्ञ बहुतांशी विनामोबदला करतात. एकाच प्रजातीला वेगवेगळ्या अभ्यासकांनी अनेक नावे दिली असल्यास संपादक त्यांपैकी एक ग्राह्य ठरवतात व उरलेली समानार्थी नावे म्हणून नोंदवतात. लिटोरिना सॅक्सॅटिलिस या समुद्री गोगलगायीची अशी शंभराहून अधिक नावे आढळली. २०१५ पर्यंत तपासलेल्या सुमारे ४,१९,००० प्रजातिनावांपैकी सुमारे १,९०,००० नावे समानार्थी निघाली. ही छाननी झाली नसती, तर ज्ञात सागरी प्रजातींची संख्या जवळजवळ दुप्पट भासली असती.