ठाण्यापर्यंतची गाडी आणि सॉकेटची विद्या



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी १४ डब्यांतून सुमारे ४०० निमंत्रित घेऊन आपल्या ठाण्यास आली. अंतर अवघे २१ मैलांचे! कल्याणास गाडी पोचावयास १ मे १८५४ उजाडला. आज जिच्याविषयी बोलावयाचे त्या विद्येचा आरंभही असाच हाकेच्या अंतरावर झाला.

एका संगणकावरील प्रोग्रॅमने दुसऱ्यावरील प्रोग्रॅमशी बोलावे कसे? १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्याने टीसीपी/आयपी ही नियमावली स्वीकारली. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सची ४.२ आवृत्ती निघाली व तिच्याबरोबर 'सॉकेट' सर्वांच्या हाती आले. भिंतीमागच्या तारांची उठाठेव न करता आपण विजेचा प्लग बसवितो, तद्वत् हे साधन.

आपल्याकडे १९८६ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' प्रकल्प सुरू झाला. १९८६-८७ च्या सुमारास जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था व पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनवरून ई-पत्रे जाऊ लागली. जुहू ते पवई. म्हणजे आपल्या ठाण्याहूनही जवळचा पल्ला! फोन लावून टपालाची थैली टाकावी असा तो व्यवहार. चालता संवाद नव्हे. सामान्य नागरिकास इंटरनेट मिळावयास १५ ऑगस्ट १९९५ उजाडला.

आजचा विद्यार्थी तर घराबाहेरही पडत नाही. तो दोन प्रोग्रॅम लिहितो. एक कान देऊन बसतो, दुसरा त्यास हाक मारतो. दोघांचा पत्ता एकच, १२७.०.०.१, म्हणजे 'माझा मीच'. पत्त्याखेरीज पोर्टचा क्रमांकही लागतो. ठाणे स्टेशन सांगून भागत नाही, फलाट सांगावा लागतो. वेबचा ८०, टपालाचा २५. हाकेला ओ मिळते, आणि विद्या साधली असे पोरास वाटते.

वस्तुतः फसगत येथेच आहे. टीसीपी क्रम राखते. निरोपांच्या सीमा राखत नाही. तिकिटाच्या रांगेत माणसे एकामागून एक येतात, परंतु एक कुटुंब कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले हे खिडकीतील कारकुनास कसे कळावे? दोन वाक्ये धाडली, तर पलीकडे एका वाचनात दीडच हाती येते, उरलेले अर्धे मागाहून. घरच्या घरी छोटे निरोप बहुधा अखंड पोचतात, म्हणून दोष झाकलेला राहतो. खऱ्या जाळ्यावर तो उघडा पडतो, आणि तोही गिऱ्हाइकासमोर. ठाण्याची गाडी सपाटीवरून आली होती. बोरघाट चढावयास १८६३ साल लागले.

उपाय साधा आहे. प्रत्येक निरोपाआधी त्याची लांबी सांगावी, किंवा शेवटची खूण ठरवावी. आणि घेणाऱ्याने तेवढे हाती येईतो पुनःपुन्हा वाचीत राहावे.