परमुलखाचा गडी

रेवदंड्याच्या किनाऱ्याने परमुलखातून आलेली माणसे पुष्कळ पाहिली. पंधराव्या शतकात रशियाहून निघालेला अफनासी निकितीन विक्रीचा घोडा घेऊन येथेच चौल बंदरात उतरला. जुन्नरच्या खानाने तो घोडा अडकवून धर्मांतराची अट घातली, तेव्हा एक भला मध्यस्थ लाभला म्हणूनच घोडा आणि धर्म ही दोन्ही राखून तो बीदरच्या वाटेला लागला. पुढे 1521 साली निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी वखार घातली आणि 1740 साली मराठ्यांचा अंमल बसला. पण तोवर व्यापाराचा ओघ मुंबईकडे वळला होता. आश्रय देणाऱ्या पेठेचे दैव फिरले की आश्रिताचेही फिरते, हा या किनाऱ्याचा अनुभव महाराष्ट्राच्या फुटबॉलमध्ये अलीकडे पुन्हा आला.

फुटबॉलपटू अराता इझुमी 1982 साली जपानात जन्मला. माता जपानी, पिता मूळचे गुजराती, आणि त्यांच्याकडून आलेले नाव नीळकंठ खंभोळजा. सिंगापूरहून तो 2006 साली कलकत्त्याच्या ईस्ट बंगालमध्ये, तेथून मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये आणि 2009 साली पुणे एफसीत आला. काटेकोर बोलायचे तर तो निव्वळ आघाडीवीर नव्हे. आघाडीच्या किंचित मागे राहून मोकळी जागा हेरणे आणि अचूक क्षणी तीत शिरणे, हे त्याचे खरे कसब. 2012-13 च्या आय-लीगमध्ये पुण्याने दुसरे स्थान मिळविले, तो त्याच्या उत्कर्षाचा काळ.

परंतु भारतीय पारपत्रावाचून भारतीय संघात प्रवेश नाही, आणि आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. निकितीनाला जी अट टाळता आली, तिच्याच जातीची अट इझुमीने आपखुशीने पत्करली: जन्मभूमीचे नागरिकत्व सोडले आणि 6 फेब्रुवारी 2013 रोजी कोची येथे पॅलेस्टाइनविरुद्ध, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो भारताच्या पोशाखात उतरला. सामना भारत 4-2 असा हरला. ज्या वयात पळणाऱ्याचे पाय जड होऊ लागतात, त्या वयात सरकारदरबारचा दाखला हाती यावा, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. त्याच्या वाट्याला आंतरराष्ट्रीय सामने मोजकेच आले.

ओहोटी मात्र एकट्या वयाची नव्हती. महिंद्रने 2010 सालीच आपला संघ मोडला होता. पुणे एफसीचा कारभार 2015 मध्ये आटोपला. इझुमी अॅटलेटिको डी कोलकाता, एफसी पुणे सिटी, केरळ ब्लास्टर्स असा फिरत राहिला, आणि 2019 मध्ये पुणे सिटीचेही दुकान उठले. ज्यांनी त्याला वाढविले, त्या महाराष्ट्रातील तिन्ही संघांपैकी आज एकही उरलेला नाही, आणि याचा दोष खेळाडूंवर नव्हे, तर वर्षाच्या ताळेबंदावर खेळाचे आयुष्य ठरविणाऱ्या धन्यांवर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. इझुमी मात्र भारतातच राहिला, आणि निवृत्तीनंतर नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या प्रबोधिनीत मुलांना फुटबॉल शिकवू लागला.